चौथ्या अंगणातली पावलं

अंबिका चुडाव्याला उतरली तेव्हा अण्णांना जाऊन अकरा दिवस झाले होते. तार हैदराबादला, ती शिकवत होती त्या शाळेच्या पत्त्यावर गेली होती आणि शाळेला सुट्टी होती. तार तिच्या हातात पडेपर्यंत चुलतभावाने अग्नी देऊन टाकला होता. शेवटचं तोंडही दिसलं नाही. आता तिला एकच गोष्ट पाहायची होती, अण्णांची पावलं.

अण्णा, म्हणजे तिचे वडील दिनकरराव, इथले स्टेशनमास्तर. रेल्वेच्या साहेबलोकांनी स्टेशनामागच्या माळावर गोल्फसाठी चार खड्डे करून घेतले होते. साहेबांची बदली झाली तेव्हा एक काठी आणि एक चेंडू मागे राहिले, ते अण्णांकडे आले आणि अण्णा रोज खेळू लागले. या माळावर गवत टिकत नाही, म्हणून प्रत्येक खड्ड्याभोवती वाळूचं गोल अंगण होतं, आणि वाळू उडू नये म्हणून तिच्यात इंजिनाचं जळकं तेल कालवलेलं.

‘या वाळूत पाऊल पंधरा-पंधरा दिवस राहतं,’ अण्णांनी पत्रात लिहिलं होतं. ‘म्हणून निघताना आपलं पाऊल आपणच पुसायचं. मागून येणाऱ्याला जागा साफ मिळावी.’

मागून कोणीच येत नसे. तरी ते रोज पोतं ओढून पुसत. अंबिकेने उत्तरात पावलांबद्दल काही न लिहिता वाचण्यासारख्या दोन पुस्तकांची नावं कळवली होती.

चौथ्या अंगणात चेंडू मारायला वाकले असतानाच अण्णा खाली बसले, ते उठले नाहीत. म्हणजे तिथली पावलं पुसायची राहिली असणार.

रोज अण्णांबरोबर माळावर जाणारा म्हातारा गँगमन सटवाजी काठी आणि पोतं उचलून तिला तिकडे घेऊन गेला. चौथं अंगण आलं. वाळू ताटासारखी सपाट होती.

“सटवाजीकाका, इथं अण्णांची पावलं...”

“म्या पुसली, अक्का,” तो म्हणाला. “दुसऱ्याच दिशी. मास्तरांचं तेवढंच काम ऱ्हायलं होतं. म्हनलं, ते तरी पुरं करावं.” तिचा चेहरा पाहून त्याने विचारलं, “चुकलं का वो?”

“नाही,” अंबिका म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “नाही.”

“चेंडूला मातर हात लावला न्हाई. पडला तिथूनच मारायचा, असा मास्तरांचा कायदा. भवतालनं पोतं फिरवलं.”

खड्ड्यातल्या डब्यापासून चार हातांवर चेंडू पडला होता. तो उचलावा, मुठीत धरावा, ट्रंकेत तळाशी ठेवावा, असं तिला फार वाटलं. ती वाकलीही. मग हात मागे घेतला.

“काठी द्या. किती फटके झाले होते त्यांचे?”

“पाच. मोठ्यानं मोजायचे.”

तिने मारला. चेंडू डब्याला वळसा घालून वीतभर पुढे गेला.

“सहा,” ती म्हणाली.

“आता सरकवा हातानं. कोन बघायलंय इथं?”

“अण्णांनी सरकवला असता?”

“मेले तरी न्हाई,” सटवाजी बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. तार मिळाल्यापासून अंबिका पहिल्यांदा हसली. हसता हसता तिला डोळे पुसावे लागले.

तिने पुन्हा मारला. डबा खणकन वाजला.

“सात.”

तिने चेंडू डब्यातून काढून घेतला. सटवाजीने फळीला बांधलेलं पोतं पुढे केलं. ती डब्यापासून उलट्या पावलांनी मागे सरत, पोतं ओढत कडेपर्यंत आली. तिथे थांबून तिने चपला झटकल्या.

“मास्तर बी असंच करायचे,” तो हळूच म्हणाला. “उलटं चालायचे, अन् इथं येऊन जोडे झटकायचे.”

तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. पत्रातही नव्हतं. तिने वाळूकडे पाहिलं. तिथे कोणी येऊन गेल्याची खूण नव्हती, ना त्यांची, ना तिची.

“उद्या गाडी किती वाजता?”

“सकाळी हाय एक. एक सांजची बी हाय.”

“सांजेची धरीन,” अंबिका म्हणाली, आणि चेंडू सटवाजीच्या हातात दिला. “सकाळी पहिल्या खड्ड्यापासून खेळत येऊ.”