धावडा चालू आहे

“सूर्य एखाद्या दिवशी उगवायचा ऱ्हाईल, पण आमच्या धावड्याचं यंत्र बंद पडायचं न्हाई,” असं म्हणून सरपंच आबारावांनी एक्स्चेंजच्या काचेवर अंगठीच्या बोटाने टकटक केलं.

काचेपलीकडच्या खोलीत टेलिफोनचं यंत्र हिरवे दिवे लुकलुकवत उभं होतं. काचेअलीकडे ओसरीत राजूरची वऱ्हाडी मंडळी उभी होती, चपला पायरीखाली काढून. आबारावांच्या गिरिजाचं आज लग्न होतं. वऱ्हाड उतरलं की लोक आधी चहा पाजतात. आबारावांनी नवरदेवाच्या बापाला, सर्जेरावांना, आधी एक्स्चेंज दाखवायला आणलं होतं.

त्यांचं वाक्य संपलं आणि खोलीतल्या एसीने एक लांब सुस्कारा सोडला. मग तो गप्प झाला. लाईट गेली होती.

सर्जेरावांनी ओसरीतून मान बाहेर काढली, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि वर पाहिलं.

“सूर्य तर हाय,” ते म्हणाले.

“यंत्रबी चालूच हाय,” मागून त्रिंबक म्हणाला. “थांबला तो एसी. यंत्र बॅटरीवर चालतं. दिवे बघा की.”

त्रिंबक हा एक्स्चेंजचा मेकॅनिक. मूळचा मंठ्याचा, पण धावड्यात येऊन त्याने एवढ्या लोकांना चपला काढायला लावल्या होत्या, की गावच्या पुजाऱ्यालाही त्याचा थोडा हेवा वाटे. चपलांचं कारण धुळीचं होतं. यंत्राला धूळ चालत नाही. पण कारण सांगत बसण्यापेक्षा लोकांनी हात जोडलेले त्याला जास्त सोयीचे वाटत, आणि खरं सांगायचं तर आवडतही. सरपंचाच्या मुलीचं लग्न म्हणून आज त्याने नवा शर्ट घातला होता, आणि त्याच्या खिशाला किल्ली बाहेरून दिसेल अशी अडकवली होती.

रोज संध्याकाळी पाचला जालन्याहून खात्याच्या साहेबांचा फोन येई. साहेब तालुक्यातल्या एकेका एक्स्चेंजला नावाने विचारत. “धावडा?” असं आलं की त्रिंबक म्हणे, “चालू.” लोक आपला मुलगा फौजदार झाल्याचं ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात. दोन उन्हाळे त्याने हाच शब्द सांगितला होता, दुसरा सांगायची वेळ आली नव्हती.

यंदाचा उन्हाळा मात्र परीक्षेचा होता. खात्याकडे एक मोठं यंत्र आलं होतं, दुप्पट फोन देणारं. पाडव्याच्या सुमाराला साहेब जीपमधून न उतरताच म्हणाले होते, “पावसाळ्यापर्यंत धावडा एकदाही बंद पडलं नाही तर मोठं यंत्र इथं. पडलं तर राजूरला. मग हे जुनंही आम्ही गुंडाळू.” राजूरला गणपती होता, दुकानं होती, चतुर्थीची गर्दी होती आणि यंत्रासाठी जालन्याला खेटे घालणारे सर्जेराव होते. धावड्याला त्रिंबक होता.

आता अडचण अशी, की बॅटऱ्या यंत्राला बोलतं ठेवत. गार ठेवत नसत. एसी ओढण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. लाईट गेली की यंत्र बोलत राही, आणि भाषण करणाऱ्या माणसासारखं बोलता बोलता तापत जाई. खोलीत भिंतीवर थर्मामीटर होता. त्यावर त्रिंबकने बायकोच्या नखांच्या रंगाने एक लाल रेघ ओढली होती. पारा रेघेला टेकला की यंत्र आपल्या हाताने बंद करायचं, नाहीतर आतलं सगळं कायमचं जळून जाईल, असा नियम. असल्या वेळेसाठी खात्याने वीज करणारं एक इंजिन दिलं होतं. त्याचा पंप संक्रांतीला दुरुस्तीला गेला होता. त्याची चौकशी करायला त्रिंबक अधूनमधून फोन लावी. फोन उत्तम लागे, आणि पंप अजून झालेला नाही हे अगदी स्वच्छ ऐकू येई.

वऱ्हाड मांडवाकडे गेलं. मांडव शेजारच्याच शाळेच्या पटांगणात होता. तिथे भोकरदनच्या रामकिसनने भाड्याने आणलेला जनरेटर धडधडत होता. त्याच्यावर पंखे फिरत होते, भोंगा वाजत होता आणि शूटिंगवाल्याचे दिवे जळत होते. लाईट गेल्याचं तिथे कुणाला कळलंही नाही. इकडे पारा चढू लागला.

यंत्र तापून राह्यलंय ही बातमी गावात पसरली, आणि गाव मदतीला धावलं. धावड्यात कुणी तापलं, मग तो माणूस असो की बैल, तर उपाय एकच माहीत होता. सगळ्यांत पुढे आबारावांच्या आई आसराबाई होत्या, नातीच्या लग्नाचं नवं लुगडं नेसलेल्या, डोक्यावर घागर आणि खांद्यावर ओलं पोतं.

“सरक बाबा,” त्या म्हणाल्या. “ह्याच्या अंगावर टाकते. आमचा ढवळ्या असाच तापल्ता, पोतं टाकलं आन् उठून बसला.”

“आजी, पाणी बिलकुल न्हाई,” त्रिंबकने दारात दोन्ही हात आडवे लावले. “पाण्यानं मरतंय ते.”

“पाण्यानं कोण मरतंय, उन्हाळ्यात?”

“यंत्र.”

आसराबाईंनी यंत्राकडे पाहिलं. एवढा नाजूक पाहुणा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

“मंग ताक देऊ का?” त्यांनी विचारलं.

त्रिंबकने त्यांना ओसरीत बसवलं. तेवढ्यात नुसतं बघायला म्हणून चौघे मागच्या बाजूने आत शिरले होते. त्यांना त्याने दंडाला धरून बाहेर काढलं. माणसाचं अंग म्हणजे जळता बल्ब असतो, हे त्याने त्यांना समजावलं. त्यांतल्या एकाला त्याचा आनंद झाला. मग त्रिंबकच्या ध्यानात आलं की आपणही माणूसच आहोत. तो स्वतः बाहेर आला, दार लावून घेतलं आणि काचेला नाक टेकवून पाऱ्याकडे पाहत बसला. पारा आणि रेघ यांच्या मधे जेमतेम बोटभर जागा उरली होती. नव्या शर्टाची पाठ भिजून अंगाला चिकटली.

तो उठला आणि मांडवात गेला.

सर्जेराव मधोमध, सगळ्यांत मोठ्या पंख्याखाली, पाय लांब करून टेकले होते. आबाराव त्यांच्याजवळ उभे होते. त्रिंबक त्यांच्या कानाला लागला.

“आबा, जनरेटर लागतो.”

“कोणचा?”

“ह्योच.”

आबारावांनी रामकिसनला खुणेने बोलावलं. रामकिसनने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“एसी ओढायचा तर बाकीचं समदं काढावं लागंल. पंखे, भोंगा, शूटिंग. दोन्ही लावलं तर माझं मशीन बसंल खाली.”

“थोडा येळ बी न्हाई चालणार?”

“आबा, थोडा येळ न्हाई, लाईट येईपर्यंत लागंल,” त्रिंबक म्हणाला.

“कवा येईल?”

हा प्रश्न धावड्यात सहसा कुणी मोठ्याने विचारत नसे.

सर्जेरावांनी पाय आणखी लांब केले. सगळं त्यांना ऐकू गेलं होतं.

“पडू द्या की बंद,” ते म्हणाले. “एवढं काय मनाला लावून घेता इवाई? आता घर एकच झालं. आम्ही नेतो यंत्राला राजूरला, गणपतीच्या शेजारी. लेक बी आमच्याकडं, यंत्र बी आमच्याकडं.”

राजूरचे सगळे हसले. धावड्याचे काही, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून, हसले.

आबारावांनी बायकोकडे पाहिलं. जयवंताबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. शूटिंग व्हावं म्हणून त्यांनी पौष महिन्यापासून नवऱ्याचा पिच्छा पुरवला होता. भावकीत कुणाच्या लग्नात शूटिंग झालं नव्हतं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, शूटिंगवाल्याच्या दिव्यांकडे पाहिलं, आणि मग त्रिंबकच्या ओल्या पाठीकडे पाहिलं.

“त्या शूटिंगवाल्याला म्हणावं,” त्या म्हणाल्या, “आधी जेवून घे.”

“रामकिसन, वायर काढ,” आबाराव म्हणाले.

भोंगा सनईच्या मध्यावर थांबला. पंखे मंदावत गेले. सर्जेरावांच्या डोक्यावरचा मोठा पंखा सगळ्यांत शेवटी थांबला. मांडवात एकदम एवढी शांतता झाली, की आचाऱ्याच्या कढईतलं तेल ऐकू येऊ लागलं. आबारावांनी खांद्यावरचं जरीचं उपरणं काढलं, त्याची घडी घातली आणि सर्जेरावांच्या बाजूला उभं राहून त्यांना वारा घालायला सुरुवात केली.

“इवाई, लेक दिली,” ते म्हणाले. “यंत्र न्हाई देत.”

सरपंच वारा घालतो म्हटल्यावर गावाला बसून कसं चालेल? धावड्याचा एकेक माणूस उठला आणि राजूरच्या एकेका माणसामागे उभा राहिला. कुणी उपरणं, कुणी टोपी, कुणी शाळेतला नकाशा गुंडाळून. इतका मान राजूरकरांना कुठल्याच लग्नात मिळाला नव्हता आणि इतका अवघडलेपणाही. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागचा माणूस दमेल म्हणून त्याला बसायची विनंती केली. तो म्हणाला, पाहुण्यांनी बोलू नये, अंग तापतं.

मंगलाष्टकं भटजींच्या उघड्या गळ्यावर पार पडली. मागच्या रांगांना ‘सावधान’ ऐकू येईना, म्हणून त्या पुढच्यांचे हात बघून अक्षता टाकत. त्यामुळे दर मंगलाष्टकाला अक्षता दोनदा पडल्या. आपल्या नातीचं लग्न दुप्पट लागलंय, असं आसराबाई पुढे कैक वर्षं सांगत.

त्रिंबकने लग्न पाहिलं नाही. वायर जोडली गेली तेव्हा पारा रेघेला टेकतो की काय अशा बेतात होता आणि त्याचा हात बटणावर होता. एसीने पहिला श्वास घेतला. त्रिंबक बाहेर आला, काचेला नाक टेकवलं. बऱ्याच वेळाने पारा रेघेपासून हळूच मागे सरकला. मांडवाकडून टाळ्या ऐकू आल्या. त्या नवरा-नवरीसाठी होत्या, हे त्याला कळत होतं; तरी त्याने शर्ट नीट केला.

जेवणं आटोपली तशी सर्जेराव ओसरीत आले. चपला त्यांनी न सांगता काढल्या.

“घरी फोन लावून दे जरा,” ते म्हणाले. “वरात निघून राह्यली म्हणावं, उंबऱ्यावर माप भरून ठिवा.”

त्रिंबकने नंबर फिरवला, रिसीव्हर त्यांच्या कानाला दिला. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा सर्जेरावांनी स्वतः फिरवला.

“तुझं यंत्र बिघडलं काय रे?”

“जालना लागून राह्यलं, भोकरदन लागून राह्यलं,” त्रिंबक म्हणाला. “राजूर गप हाय.”

सर्जेरावांनी रिसीव्हर फुलासारखा खाली ठेवला.

“लाईट तिकडं बी गेली असंल.”

“असंल,” त्रिंबक म्हणाला, आणि फडका घेऊन आधीच स्वच्छ असलेली काच पुसू लागला.

पाचच्या सुमाराला ओसरीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. पायरीखाली चपलांचा ढीग लागला. आबाराव होते, जयवंताबाई होत्या, आसराबाई होत्या. शालूतली गिरिजा नवऱ्याला घेऊन वरातीआधी पाया पडायला आली होती, नक्की कुणाच्या ते ठरलं नव्हतं. आज साहेबांना सगळं सांगायचं, जनरेटरचं, पंख्यांचं, सरपंचाच्या उपरण्याचं, हे त्रिंबकने मनात घोकून ठेवलं होतं.

फोन वाजला.

“धावडा चालू, साहेब,” त्याने विचारायच्या आधीच सांगितलं.

“तुम्ही चालू आहात?” साहेबांचा आवाज दमलेला होता. ते आज दर्शनाला म्हणून राजूरला आले होते आणि जाता जाता तिथल्या एक्स्चेंजमध्ये डोकावले होते. तिथलं यंत्र दुपारीच तापून बंद करावं लागलं होतं. पण बंद एक्स्चेंजातही खात्याच्या माणसाला खात्याच्या माणसाशी बोलता यावं म्हणून एक तार जिवंत ठेवलेली असते. “इथं भट्टी झालीय नुसती. इथं मोठं यंत्र आणायचं कुणाच्या डोक्यात आलं होतं?”

त्रिंबकला तो माणूस चांगला आठवत होता. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला होता.

“ध्यानात न्हाई, साहेब.”

“ते धावड्यालाच बसवून घ्या. तुमच्याकडून जालना लागतंय?”

“बिलकुल साफ. साहेब, आज इथं आमच्या सरपंचांनी—”

“ते राहू द्या. एक नंबर घ्या, आणि एवढा निरोप द्या जल्दी.”

साहेबांनी नंबर सांगितला, निरोप सांगितला. त्रिंबकने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बराबर, साहेब,” तो म्हणाला.

मग तो ओसरीकडे वळला. “मोठं यंत्र धावड्याला,” एवढंच बोलला आणि नंबर फिरवू लागला. आबारावांनी खांद्यावरचं चुरगळलेलं उपरणं सारखं केलं आणि ते सर्जेरावांकडे झुकले.

“जालन्याला रिपोर्ट चाल्लाय,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “वरून विचारलं असंल.”

सर्जेरावांनी मान डोलावली. आसराबाईंनी पदर डोक्यावर घेतला. पलीकडे घंटी वाजली, कुणीतरी फोन उचलला. त्रिंबक ताठ उभा राहिला आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

“बाईसाहेब, धावडा चालू आहे. आणि साहेबांनी सांगितलंय, ते येईपर्यंत खोली गार पाहिजे, तेवढं कूलरमध्ये पाणी ओतून ठेवा.”