पुढची खोली

थॅकवेलसाहेबांनी आयुष्यात किती घरं बांधली ते मला सांगता येणार नाही. गेल्या आठवड्यात पेपरात त्यांच्यावर लेख आला, त्यात दोन हजारांच्या वर असा आकडा होता. त्यातली पहिली चोवीस आमच्या हॉलिनक्लफ या गिरणीगावातली, आणि त्या चोविसांतलं सातवं माझं. त्याच लेखात लिहिलं होतं की कामकरी बाईला घरात काय हवं असतं, हे या माणसाला उपजतच कळतं. ते वाचताना चहा माझ्या नाकात गेला. उपजत म्हणे! त्या माणसाशी मी सहा महिने भांडले आहे.

ही गोष्ट १९०८ सालची. साहेब तेव्हा चाळिशीचे होते. त्याआधी ते गिरणीमालकांचे बंगले बांधायचे, मनोरे आणि रंगीत काचा असलेले. मग एक दिवस त्यांना उपरती झाली की ज्यांच्या घामावर हे बंगले उभे राहतात, त्यांच्यासाठी बांधायला हवं. मांस सोडलं, हातमागाचा कोट घेतला आणि भर हिवाळ्यात मोज्यांवर चपला घालून फिरायला लागले. माणूस मनाचा चांगला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलणार आहे.

घरं सुरेख होती, खोटं कशाला बोलू? सगळ्यांची तोंडं दक्षिणेला, म्हणजे जे काय चार किरण आमच्या वाट्याला येतात ते घरात यावेत. खाली एकच ऐसपैस खोली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चूल तिथेच, टेबल तिथेच, पुढचं दारही तिथेच उघडायचं.

किल्ली घेताना मी विचारलं, "साहेब, पुढची खोली कुठंय?"

"अहो ब्रेअर्लीबाई, सगळं घरच पुढचं आहे!" ते हसत म्हणाले. "कुंडी आणि हार्मोनियम ठेवायचं, दार लावायचं आणि रविवारी धूळ झटकायची, अशी खोली हवीय कशाला? तुम्ही काय कुंडीसाठी घर घेताय?"

आता त्यांना काय सांगणार? मी वाढले त्या घरात खाली एक खोली आणि वर एक, मागची भिंत दुसऱ्या घराची. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दोन खुर्च्यांवर फळी टाकून तिला चार दिवस त्याच खोलीत ठेवलं होतं. जेवणार कुठे? तिच्या पायाशी बसून आम्ही पाव खायचो. तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या हातून तिच्या चादरीवर काकवी सांडली आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. पाच वर्षांचं पोर ते. त्या दिवशी मी ठरवलं की माझं घर होईल तेव्हा त्यात एक खोली अशी असेल, जिला दार असेल आणि जिथे कुणी जेवणार नाही.

साहेबांना आपल्या घरांचं भारी कौतुक. लंडनहून पाहुणे आणायचे आणि दार न ठोठावता आत यायचे. "बघा, इथे कुटुंब कसं एकत्र असतं!" एका शनिवारी एनॉक, म्हणजे माझा नवरा, चुलीसमोर टबात बसून अंघोळ करत होता आणि लंडनच्या तीन बायका सरळ आत आल्या. त्याच्या हाताशी फक्त टोपी होती, आणि ती त्याने डोक्यावर घातली नाही.

पुढच्याच शनिवारी एनॉकने फळ्या आणल्या आणि खोलीत आडभिंत घातली. तो गिरणीत लोकर रंगवायचा, सुतारकाम त्याच्या बापजन्मात कुणी केलं नव्हतं. भिंत वाकडी झाली. पण तिला दार होतं. मी फुलाफुलांचा कागद चिकटवला, पडदे शिवले, सोफा ठेवला आणि हो, कुंडीही ठेवली.

त्या खोलीत पहिली पाहुणी आली ती साहेबांची आई. आम्ही सगळे तिला आजी म्हणायचो.

साहेबांनी स्वतःचं घर वर टेकाडावर बांधलं होतं, आपल्याच तत्त्वाप्रमाणे. तीस फुटांचा एकच दालनासारखा हॉल, त्याला चार दारं आणि मधून वर जाणारा गोल जिना. आजी गाडीची चाकं बनवणाऱ्या सुताराची मुलगी, आमच्यातलीच. दर रविवारी चॅपेलमधून निघाली की थेट माझ्याकडे यायची.

"दार लाव ग टॅबी," म्हणायची आणि पाव तास नुसती बसायची. मग हळूच सांगायची, "लेकानं राजवाडा बांधलाय मला. पण मेलं चार आसवं गाळायची म्हटली तर कोळशाच्या खोलीत जावं लागतं."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"पालथ्या घड्यावर पाणी! त्याला जगाच्या घरातलं कळतं, आईच्या नाही."

फेब्रुवारीत तिचा खोकला वाढला. एकदा जाताना दारात थांबून म्हणाली, "पडदे धुऊन ठेव हो."

"आजी, गेल्याच महिन्यात धुतलेत की."

"पुन्हा धू."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पडदे धुतले.

त्याच आठवड्यात नोटीस आली. करारात घरात फेरफार करायला मनाई होती. मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत भिंत पाडा, नाहीतर घर सोडा. मागोमाग साहेब स्वतः आले. खिशातून ओळंबा काढून त्यांनी भिंतीला लावला.

"दोन बोटं कललीय."

"कलू दे. माझ्या अंगावर पडेल, तुमच्या नाही."

"बाई, तुम्ही अर्धं ऊन घालवलंत."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, काकवीसकट. इतकी वर्षं एनॉकलाही सांगितलं नव्हतं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला वाईट वाटतं. पण माणसं लवकर मरू नयेत म्हणून तर मी उजेडाची घरं बांधतोय. तुम्हाला सूट दिली तर चोवीस घरांत भिंती उभ्या राहतील."

"राहतीलच. चोवीस बायकांना हव्यात म्हणून."

"सोमवारपर्यंत," ते म्हणाले आणि चपला फटफटवत निघून गेले.

मी हट्टाने भिंतीला हात लावला नाही. पण मनातून घाबरले होते. पुन्हा त्या जुन्या अंधाऱ्या घरात जायचं की ही खोली सोडायची, याचा विचार करून जीव मेटाकुटीला आला होता.

शुक्रवारी पहाटे आजी गेली. शनिवारी दुपारी माझं दार वाजलं. साहेबांनी ते आयुष्यात पहिल्यांदाच ठोठावलं होतं.

"ब्रेअर्लीबाई, ती भिंत उतरवली का हो?"

माझं डोकंच फिरलं. घरात आई गेलीय आणि हा माणूस माझी भिंत मोजायला आलाय! "सोमवार उजाडायचाय अजून," मी म्हटलं.

"म्हणजे आहे ना?" ते हातातली टोपी पिळत होते. "शवपेटी आमच्या जिन्याला वळत नाही. आईला चादरीत घालून खाली आणावं लागलं. खाली हॉलमध्ये चारी दारांनी माणसं ये-जा करताहेत, कोळसेवाला तिच्या अंगावरून जातोय. ती सांगून गेलीय. म्हणाली, मला टॅबीकडे ठेव."

ज्याचं जळतं त्याला कळतं, हे म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मला आमचा धाकटा आठवला, थोबाडीत खाऊन गप्प उभा राहिलेला.

"आणा," मी म्हटलं. "पडदे धुतलेत."

आजी दोन दिवस माझ्या पुढच्या खोलीत होती. मयत असताना ओढतात तसे सगळ्या आळीने खिडक्यांचे पडदे ओढले. एकेक बाई यायची, बघायची, डोळे टिपायची, जायची. साहेब दार लावून आत बसून असायचे. आणि या बाजूला मी आणि एनॉक रस्सा खात होतो, चमचे वाजत होते, पोरं भांडत होती, आणि कुणाला कुणाची लाज वाटत नव्हती. आईच्या वेळी हे असं व्हायला हवं होतं, असं वाटून मी मनसोक्त रडले.

सोमवारी, नोटिशीतल्या त्याच सोमवारी, सहा जणांनी तिला उचललं. पेटी एनॉकच्या वाकड्या दारातून नीट बाहेर पडली. नंतरच्या चहाला मी हॅम ठेवलं होतं, त्याशिवाय पाठवणी कसली? सात वर्षं मांस न खाल्लेल्या माणसाने दोन तुकडे मुकाट्याने खाल्ले.

सगळे गेल्यावर त्यांनी घडीची पट्टी काढली आणि माझी खोली मोजली. बारा फूट बाय दहा.

"भिंत सरळ करून देऊ?"

"हात लावाल तर याद राखा."

नोटिशीचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढच्या ओळीत चाळीस घरं झाली, सगळ्यांना पुढची खोली. महायुद्धानंतर सरकारी घरं निघाली, तेव्हा खर्च वाचवायला शहराच्या समितीने पहिली कात्री त्याच खोलीला लावली. खोली जाणार असेल तर माझंही नाव काढा, असं साहेबांनी भर सभेत सांगितलं म्हणे. खोली राहिली. त्या भांडणापायी त्यांची मोठमोठी कामं हातची गेली, पण ते हटले नाहीत. दर नवा नकाशा आधी माझ्या टेबलावर पसरायचा.

"पेटी वळेल का?"

मी नकाशावर बोट फिरवून सांगायची, "दारातून वळेल. या जिन्यावरून नाही." ते लगेच जिना खोडायचे. कुणाला माझं नाव मात्र कधी सांगितलं नाही. त्याचा मला थोडा राग आहेच.

स्वतःचं घर त्यांनी बदललं नाही. एकट्या माणसाला कशाला, म्हणायचे. एनॉक सहा वर्षांपूर्वी गेला, तोही पुढच्या खोलीतूनच गेला. तेव्हा साहेब रात्रंदिवस माझ्याबरोबर तिथे बसले होते.

आता ते सत्तरीचे आहेत आणि त्यांच्या छातीत पाणी झालंय. खाट खाली हॉलमध्ये आणलीय. रविवारी मी पेपर घेऊन गेले आणि तो लेख त्यांना वाचून दाखवला. "उपजत" आल्यावर ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली.

"टॅबी," ते म्हणाले. तीस वर्षांत मी ब्रेअर्लीबाईच होते. "पडदे धुतलेस का ग?"

मी थट्टेवारी न्यायला बघितलं. "गेल्याच महिन्यात धुतलेत की."

"पुन्हा धू."

त्यांच्या आईचे हे शब्द मी त्यांना कधीच सांगितले नव्हते.

आज सकाळी पडदे दोरीवर टाकले. वारा चांगला आहे. दुपारपर्यंत वाळतील.