शिझुएचं पेन

जपानमधल्या मात्सुयामाच्या शाळेच्या स्वयंपाकघरातून शिझुए काजितानी निवृत्त झाली, त्याच वर्षी तिच्या नवऱ्याचा, तात्सुओचा, हात थरथरायला लागला. संसारातलं सगळं लिहिणं आजवर त्याच्याकडे होतं. नव्या वर्षाच्या शुभेच्छापत्रांवर नातेवाइकांचे पत्तेसुद्धा तोच घालायचा, कारण शिझुएचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आता ते काम तिच्या गळ्यात पडलं.

"सोन्याच्या निबचं पेन घेऊ," तात्सुओ म्हणाला. "दाब द्यावा लागत नाही. तुझा हात सुधारेल."

"अहो, पेनानं हात सुधारला असता तर डॉक्टरांची अक्षरं अशी असती का?"

तरी दोघं बाजारपेठेतल्या मुराओबाईंच्या दुकानात गेली. बाईंनी मखमली तबकात तीन पेनं मांडली. एक सोनेरी वेलबुट्टीचं, भलतंच महाग. दुसरं साधं, काळं प्लास्टिकचं. तिसरं जुनं, कुणीतरी वापरलेलं.

"काळ्याला आणि वेलबुट्टीवाल्याला निब एकच, चौदा कॅरटची," मुराओबाई म्हणाल्या. "फरक फक्त अंगावरच्या कपड्यांचा. जुनं स्वस्त आहे, पण आधीच्या मालकाच्या हाताचं वळण लागलेलं."

शिझुएनं काळं पेन उजव्या हातात धरलं आणि आपलं आडनाव लिहिलं. निबनं कागद खरवडला. दुसऱ्यांदाही तेच.

"अगं, खिळा ठोकतेस का? सैल धर."

"धरलंय सैल."

"मनगट वळव. असं नाही... हे बघ, असं." तात्सुओ आपला थरथरता हात हवेत फिरवून दाखवायला लागला.

लहानपणी वडील शिझुएचा डावा हात फडक्यानं कमरेला बांधून उजव्यानं अक्षरं गिरवायला बसवत. तेव्हा पाठीमागून असाच आवाज यायचा.

"गप्प बसा हो जरा!" ती म्हणाली. पेन तिनं डाव्या हातात घेतलं आणि कोऱ्या कागदावर वरून खाली, मोठ्या अक्षरांत नवऱ्याचं नाव लिहून टाकलं.

निब कुरकुरली नाही. अक्षरं वाकडी होती, पण मोकळी होती.

तात्सुओ कागदाकडे बघत राहिला. "तू डाव्या हातानं लिहितेस?"

"आजच."

"भाजी डाव्यानं चिरतेस, ते रोज बघतो. पण लिहायचं कधी डोक्यातच आलं नाही माझ्या."

"माझ्या तरी कुठे आलं होतं?"

मुराओबाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. "उभ्या ओळींत लिहिताना आपण उजवीकडून डावीकडे सरकतो. तुमचा हात कोऱ्या बाजूला राहतो, ताई, शाई फिसकटायची नाही. फक्त निब जरा जाड घ्या. बारीक टोक डाव्या हातानं ढकलताना अडकतं."

त्यांनी तसंच काळं पेन जाड निबचं काढून दिलं. शिझुएनं मग घाई केली नाही. गल्लीचं नाव लिहिलं, भावाचं लिहिलं, शाळेत रोज पाटीवर लिहायची तसा मिसो सूप आणि भाताचा बेतही लिहिला. तात्सुओ तोंड मिटून उभा होता. मध्येच त्यानं वेलबुट्टीवाल्याकडे बोट दाखवलं. "पैसे आहेत की. हेच घे."

"मला लिहायचंय, मिरवायचं नाहीये."

तिनं काळं घेतलं. तेही काही फुकट नव्हतं. दोघांनी मिळून गरम झऱ्याच्या गावी जायचं ठरवलं होतं, ते पुढे ढकललं.

डिसेंबरभर तात्सुओ पत्ते वाचून दाखवत होता आणि ती लिहीत होती. चार पत्रं खराब झाली. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या थोरल्या भावाचा फोन आला.

"या वेळी पत्ता कुणी घातला गं? घराचा आकडा असा लिहिलाय की पोस्टमन शेजारी टाकून गेला."

"मी," शिझुए म्हणाली. "डाव्या हातानं."

मग भाऊ म्हणाला, "बरं झालं. पुढच्या वर्षी आकडा तेवढा मोठा काढ."