हात हलवू नका

सिस्टरने बँडेजचा आणखी एक वेढा आवळला, चिकटपट्टी दातांनी तोडली आणि म्हाताऱ्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पार गुंडाळून टाकला. आत हात वाकू नये म्हणून पुठ्ठ्याची पट्टी होती, पट्टीवर हात, हातात सुई, आणि त्या सुईतून पंपाने ढकललं जाणारं औषध. म्हाताऱ्याचा सगळा कारभार सध्या त्या औषधावरच चालला होता.

"आता ओढा बघू," ती म्हणाली.

म्हाताऱ्याला ते ऐकू जाणार नव्हतंच. जन्मापासून ना कान ना वाचा, असं त्याच्या मुलीने सकाळी भरती करतानाच सांगितलं होतं. दुपारपर्यंत अतिदक्षता विभागात त्याचं नाव मौनीबाबा पडलं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट "घरी सोडा, घरी सोडा" म्हणून सगळ्यांचे कान किटवत होता, तेव्हा सिस्टर दारावरच्या मावशींना म्हणालीही होती, "एक तरी गप्प आहे, तेवढंच सुख." मावशींना ते फार पटलं होतं.

सुख कसलं! लघवीतला संसर्ग रक्तात उतरलेला, बीपी पार तळाला गेलेलं, सलाईनच्या बाटल्या चढवूनही ते वर यायला तयार नव्हतं. म्हणून शेवटी हे औषध लावलं. ढिल्या पडलेल्या शिरा ते आवळतं, आणि शिरा आवळल्या की रक्ताला पुन्हा जोर येतो. मरणाच्या दारातून माणसं परत आणणारं औषध, पण तितकंच तापट. शिरेतून बाहेर झिरपलं तर तिथल्या मांसाचंही रक्त तोडतं, कातडी आधी पांढरी पडते आणि मग काळी. त्यामुळे ते मानेतल्या मोठ्या शिरेतून देणं बरं. पण तिथे नळी घालणारे मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते आणि "येतोच" हा त्यांचा निरोप येऊनही बराच वेळ झाला होता. तोवर हाताच्या शिरेवर भागवायचं, सुईची जागा उघडी ठेवायची आणि पुन्हा पुन्हा बघायची. नव्या आलेल्या मुलींना हे सिस्टरच शिकवायची, तेही दटावून.

पण ते शिकवताना समोर असा पेशंट नसतो. म्हाताऱ्याने दोनदा त्या सुईशी झटापट केली होती. दुसऱ्यांदा तर ती निघायचीच बाकी राहिली होती. ती गेली असती तर त्या सुकलेल्या हातात दुसरी शीर कुठून आणायची? बीपी कमी असलं की मेंदूलाही रक्त कमी पोचतं आणि माणसं अशी सैरभैर होतात, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हणून तिने जागा झाकून टाकली. डावा हातही मनगटाशी पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधला. मग हात धुतले आणि पुढच्या खाटेकडे वळली.

दारावर टकटक झाली.

"मुलगी आहे हो बाबांची," मावशी म्हणाल्या. "मघापासून जीव खातेय माझा. आत सोडा म्हणते."

सिस्टर दारापर्यंत गेली. चाळिशीची बाई, हातात पिशवी, केस विस्कटलेले.

"ताई, भेटायची वेळ संध्याकाळी. बाहेर पाटी आहे."

"हो, वाचली. पण सिस्टर, त्यांना काही हवं असलं तर तुम्हाला कसं..."

"आम्ही आहोत ना! त्यासाठीच आहोत."

"नाही, तसं नाही म्हणत मी. त्यांना लिहिता-वाचतापण येत नाही. मी नुसती कोपऱ्यात उभी राहीन."

"प्रत्येकाचं माणूस कोपऱ्यात उभं राहिलं तर मी कुठे उभी राहू?"

सिस्टरने दार लावून घेतलं. तिला वाईट वाटलं नाही असं नाही, पण वाईट वाटायलाही थोडी सवड लागते आणि आज दोघींचं काम ती एकटी ओढत होती. दुसरी सिस्टर आलीच नव्हती. वरून फोन आला होता, "जरा सांभाळून घ्या." सांभाळून घ्यायला त्यांच्या बापाचं काय जातं!

ती परतली तेव्हा म्हाताऱ्याचं बीपी घसरलं होतं.

तिने पंप पाहिला. चालू होता. नळी पाहिली. कुठे पिळवटलेली नव्हती. बीपीचा पट्टा डाव्या दंडावर नीट होता. तिने पुन्हा मोजलं, तर आकडा आणखी खाली आला. म्हाताऱ्याचा चेहरा घामाने डबडबला होता आणि कठड्याला बांधलेल्या डाव्या हाताची बोटं सारखी वळवळत होती. मूठ मिटायची, उघडायची, बोटं वर थरथरायची, पुन्हा मिटायची.

"हात हलवू नका!" ती त्याच्या कानाशी ओरडली आणि आपण कुणाच्या कानाशी ओरडतोय हे लक्षात आल्यावर स्वतःवरच वैतागली. मग तिने बोट दाखवून, मान हलवून तेच सांगितलं. म्हाताऱ्याने डोळे फाडून तिच्याकडे पाहिलं आणि बोटं जास्तच जोरात नाचवली.

तिने ज्युनिअर डॉक्टरला फोन लावला.

"वाढवा की डोस," तो म्हणाला. त्याच्यामागे आणखी दोन माणसं बोलत होती. "मी तळमजल्यावर आहे, दुसरी इमर्जन्सी आहे. वाढवा आणि कळवा."

तिने वाढवला. आकडा जरा वर आल्यासारखा झाला आणि पुन्हा घसरला. तिने पुन्हा फोन केला, त्याने पुन्हा वाढवायला सांगितलं. ती पुन्हा पंपाचं बटण दाबत राहिली. औषध वर जात होतं आणि बीपी खाली येत होतं. हे तर्काला धरून नव्हतं, आणि जे तर्काला धरून नसतं त्याचा तिला भयंकर राग यायचा. मोठ्या डॉक्टरांचा राग, न आलेल्या सिस्टरचा राग, खालून हुकूम सोडणाऱ्या त्या पोराचा राग, आणि खरं सांगायचं तर खाटेवर तडफडणाऱ्या म्हाताऱ्याचाही. जरा शांत पडून राहायला काय होतंय माणसाला!

दाराच्या काचेवर कुणीतरी तळहाताने धडाधड आपटत होतं.

"मावशी, बघा हो!"

मावशींनी दार किलकिलं केलं आणि ती मुलगी त्यांना जवळजवळ ढकलूनच आत घुसली.

"अहो बाई, चप्पल..."

"ते बोलतायत!" ती खाटेकडे धावली. "काचेतून दिसतंय मला. केव्हापासून बोलतायत ते!"

"ताई, बाहेर व्हा. त्यांना शुद्ध नाहीये, चुळबुळ करतायत नुसती."

"चुळबुळ नाही ती!" मुलीने वडिलांच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. मूठ, बोटं वर, थरथर. मूठ, बोटं वर, थरथर. "जळतंय म्हणतायत. जळतंय, जळतंय, हात जळतोय. डाव्या हाताने बोलायची सवय नाही त्यांना, तोतरं बोलतायत. उजवा का बांधलाय तुम्ही?"

सिस्टरने कात्री काढली आणि बँडेज खालपासून वरपर्यंत कापत नेलं.

सुईच्या वर, मनगट आणि कोपराच्या मधे, हात टम्म सुजला होता. सुजेच्या मधोमध खडूसारखा पांढराफटक चट्टा होता आणि त्याच्या कडा जांभळट व्हायला लागल्या होत्या. तिने बोट लावलं. गार. वाढवलेला प्रत्येक डोस शिरेत न जाता इथे साचत गेला होता.

मग तिचे हात आपोआप चालू लागले. औषध बंद ठेवून चालणार नव्हतं, बंद केलं तर माणूस हातचा जाणार. तिने बीपीचा पट्टा पायावर नेला, डावं मनगट सोडलं, त्या हातात शीर शोधायला लागली. "त्यांना सांगा, हा हात फक्त थोडा वेळ," ती मुलीला म्हणाली. मुलीने सांगितलं. म्हाताऱ्याने हात असा स्थिर धरला की सुई पहिल्या फटक्यात बसली. पंप नव्या सुईला जोडला. जुन्या सुईतून जेवढं ओढून घेता येईल तेवढं औषध तिने सिरिंजने मागे ओढलं आणि हात उशीवर उंच ठेवला. फोनवर ती या वेळी काही विचारत नव्हती, सांगत होती. "औषध बाहेर गेलंय. उतारा घेऊन आत्ताच्या आत्ता वर या. आणि हो, जागा मी झाकली होती. तसंच लिहा."

ज्युनिअर डॉक्टर धापा टाकत आला. चट्ट्याभोवती त्याने उताऱ्याच्या बारीक बारीक सुया दिल्या. आवळलेल्या शिरा त्याने सैल पडतात, वेळेत दिला तर. पांढऱ्यात कुठे कुठे गुलाबी उतरलं, पण मधला भाग तसाच राहिला. थोड्या वेळाने मोठे डॉक्टरही उगवले, त्यांनी मानेत नळी घातली, औषध तिकडे वळलं आणि डावा हातही सुटला. बीपी चढलं आणि चढलेलं राहिलं.

"हात वाचेल ना?" मुलीने विचारलं.

"बोटं हलतायत," मोठे डॉक्टर म्हणाले. "मधल्या कातडीचं आज सांगता येणार नाही. दोन दिवस बघू."

"त्यांना दोन्ही हात लागतात बोलायला."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि हातमोजे काढता काढता सिस्टरला म्हणाले, "मनगटं बांधून ठेवा. मानेतली ओढली तर पंचाईत."

"नको सर. यांना बसवते इथे."

"भेटीची वेळ?"

"मी बघते ते."

ते गेले. मावशींनी न सांगता एक स्टूल आणून ठेवलं. मुलगी बसली. बापलेकीचं काहीतरी बोलणं झालं, तिच्या दोन हातांनी आणि त्याच्या एका. मधेच म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू फुटल्यासारखं झालं. सिस्टर कापलेलं बँडेज गोळा करत होती. जायला हवं होतं, शेजारचा पुन्हा ओरडायला लागला होता, पण तिचा पाय निघेना.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "माझं चुकलं."

मुलीने सांगितलं. म्हातारा सिस्टरकडे वळला. मग त्याने डावा हात उचलला. उशीवरच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं. हवेत गोल गोल वेढे दिले. तिच्याकडे बोट केलं. आणि मग तोच तळहात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. तिच्या डोळ्यांत पाहत, तसाच, दाबून.

मुलीने वडिलांकडे पाहिलं. मग खाली, आपल्या मांडीवरच्या पिशवीकडे.

"आभार मानतायत तुमचे," ती म्हणाली.