डोळ्यातला काळा ठिपका

या, असे जवळ सरकून बसा. माझा घसा आता पूर्वीचा राहिला नाही, आणि आज सांगणार आहे ती गोष्ट ओरडून सांगण्यातली नव्हेच. एका लेकीची आहे, तिच्या बापाची आहे, आणि तिळाएवढ्या एका ठिपक्याची.

बापाचा फोटो स्टुडिओ होता. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. लेकीला ते ‘घाई’ म्हणत, आणि हे नाव ती रोज नव्याने कमावत असे. मास्तरांनी जन्मभर लोकांचे चेहरे टिपले, पण त्यांच्यावर कोणी मोबाइल रोखला की एक तर तळहात आडवा यायचा, नाहीतर पाठ वळायची. त्यांचा म्हणून एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा. तो बघून आई म्हणायची, “कोणाचं काय चोरलंत हो?” देवाचीही हीच तऱ्हा नाही का? सगळं दाखवतो आणि आपण मागे उभा राहतो. असो.

घाईच्या पहिल्या धड्यासाठी एका सकाळी मास्तरांनी आईला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं.

“उजेड समोरून तोंडावर मारायचा नाही. बाजूने येऊ दे. एक गाल उजळ, एक सावलीत. त्याने चेहऱ्याला गोलाई येते.”

“पण बाबा, सावलीतला गाल फारच काळा पडलाय.”

“म्हणून त्या बाजूला हा पांढरा पुठ्ठा. खिडकीचा उजेड याच्यावर आपटून परत येतो. बघ, आली की नाही गालाला जाग? आता फोकस कशावर धरशील?”

“नाकावर. मधोमध आहे.”

“तुझ्या आईचं नाक सगळ्यांच्या पुढे असतं हे खरं...”

“अहो!”

“...पण फोकस डोळ्यावर. जवळच्या डोळ्यावर. डोळा स्पष्ट आला की माणूस जिवंत वाटतो. फोटो बघतानाही आधी डोळ्यात बघायचं.”

पुठ्ठा खुर्चीला टेकवून मास्तर लेकीच्या मागे जाऊन उभे राहिले. घाईने कॅमेऱ्याला डोळा लावला. “आई, हस ना. अगं, दाढ दुखल्यासारखं नको!” आई काही केल्या हसेना. आणि मग एकदम अशी खळखळून हसली, मान जराशी कलंडून, की घाईने पटकन बटण दाबलं.

“बघा बाबा, हसवलं की नाही मी?”

“हो बाई, तूच हसवलंस,” मास्तर म्हणाले. आईने पदर तोंडाला लावला.

दुपारी फोटो संगणकावर आला. मास्तरांना एका शाळेत जायचं होतं. जाता जाता दारातून म्हणाले, “मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी नक्कल करून घे, आणि काय दिवे लावायचे ते नकलेवर लाव. सुरकुत्या मऊ कर, पुसू नकोस. तिने कमावल्यात त्या.”

“हो हो, माहितीये.”

घाईने डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलकी केली, गाल मऊ केले. मग डोळा मोठा करून बघितला, तर बुबुळात खिडकीचा उजळ चौकोन आणि त्याच्या कडेत घुसलेला एक वेडावाकडा काळा ठिपका. वर दोन टोकं निघालेली. कचरा! घाईने तो साफ पुसला आणि दोन्ही डोळ्यांत संगणकातली तयार, गोल गोल चमक बसवली. मशीनने विचारलं, जुन्या फोटोवरच सेव्ह करायचं का? ‘हो’ दाबलं. नक्कल करायची राहून गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी कॅमेऱ्यातलं कार्डही तेव्हाच रिकामं करून टाकलं.

संध्याकाळी मास्तर त्या फोटोपुढे बराच वेळ बसले.

“डोळे कुठून आणलेस गं?”

“छान दिसतात ना? तिथे काहीतरी डाग होता.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “मूळ फोटो आहे ना ठेवलेला?”

मंडळी, खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? बोलणी बसली असती, दोन दिवस चेष्टा झाली असती. पण जीभ पुढे धावली. “आहे की!”

“मग झालं,” म्हणाले, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. लेकीच्या शब्दावर शंका घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

सहा वर्षं गेली. घाईचा हात चांगलाच बसला. रविवारी नवशिके तिच्याकडे शिकायला येऊ लागले. मास्तर थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेले. महिनाभराने आई स्टुडिओत आली आणि त्याच स्टुलावर बसली.

“ह्यांचा फोटो मोठा करून दे मला.”

“ओळखपत्रावरचा?”

“तो चोर कशाला? माझ्या डोळ्यातला दे.”

घाईला काही कळेना. आई स्वतःशीच हसली. “तू त्या दिवशी पाणी प्यायला आत गेलीस ना, तेव्हा ह्यांनी कॅमेऱ्यावरच मोठं करून दाखवलं मला. तू वाकलेली, आणि तुझ्या मागे हे, डोक्यावर दोन हात उभे करून. सशाचे कान! वय काय, करतात काय! म्हणून तर मी हसले. म्हणाले, ‘जन्मात एकदा फोटोत घुसलोय, घाईला सांगू नकोस. डोळ्यात बघायला शिकली की तिचं तिलाच सापडेल.’ नंतर मी आठवण केली की म्हणायचे, ‘मूळ फोटो ठेवलाय तिने. सापडेल.’”

घाईने तरीही सगळे कप्पे उपसले. जुनं कार्ड दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, “ताई, यावर नंतर शेकडो फोटो बसलेत. खाली काही उरलं नाही.” नाही म्हणणार हे तिला ठाऊक होतं. मग ती आईसमोर बसली आणि सगळं सांगितलं, त्या ‘आहे की’सकट.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“तेव्हाच सांगायचंस गं,” एवढंच म्हणाली. “दुसऱ्या दिवशी परत बसले असते मी. त्यांनी परत केले असते कान.”

स्टुडिओच्या भिंतीवर लावलेला आपला तो गोल चमकेच्या डोळ्यांचा फोटो तिने घरी नेला नाही.

आजही रविवारी घाई नवशिक्यांना बाजूचा उजेड शिकवते, पांढरा पुठ्ठा शिकवते, मूळ फोटो दोन ठिकाणी ठेवायला लावते. मग डोळा मोठा करून दाखवते आणि म्हणते, “इथला ठिपका पुसायच्या आधी विचारा, हा कोण?” पोरं हसतात. ती हसत नाही.

तर आता उठण्याआधी माझं एक ऐका. घरी एखाद्या फोटोत कोणी मनापासून हसताना दिसलं, तर त्याच्यासमोर कोण उभं होतं, ते जरा आठवा. आणि आठवाल तेव्हा आमच्या मास्तरांनाही आठवा. खिडकीचा उजेड, वाकलेली लेक, आणि तिच्या मागे डोक्यावर दोन हात उभे करून हसवणारा तो माणूस. त्याचा तसा फोटो आता कुठेच नाही, म्हणून तुमच्या मनात तेवढी जागा मागतो.