फळीवरची रिकामी जागा

मागे डोंगर, पुढे तळं. आमच्या गावात मेल्यावरसुद्धा पाय पसरायला जागा नाही. दहा-बारा वर्षांनी कबर उघडायची, कवटी उन्हात वाळवायची, कपाळावर फुलं आणि नाव रंगवायचं आणि स्मशानातल्या चॅपेलच्या तळघरात घराण्याच्या फळीवर मांडायची. वरच्या मजल्यावर देव, खाली आम्ही. जुन्या, हातभर जाड भिंती, वर दगडी कमान, आणि खिडकी एकच, तीही तळ्याकडे. रंगवायचं काम माझ्याकडे.

आमच्या फळीवर आजोबांशेजारी बाबांची जागा रिकामी होती. मी लहान असताना बाबा मासे धरायला गेले. होडी परत आली, बाबा नाही आले. नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, सगळ्यांच्या मेणबत्त्या कवट्यांपुढे, आईची नुसत्या फळीपुढे. "तळ्याने परत दिलं तर टेकायला नको त्यांना?" म्हणायची.

यंदा आईचीच कबर उघडली. आणि फळीवर उरली होती तीच एक जागा.

"मग ठेव की तिथे," किलियन म्हणाला. हा चॅपेलचा राखणदार, शाळेत माझ्या वर्गात होता. "बुर्गे, साठ वर्षं झाली. झेनोकाका आता येतायत होय?"

"तू गप रे! बायको दोन दिवस माहेरी गेली तर रस्त्याकडे डोळे लावून बसतोस, मोठा आलाय!"

तो हसला, मग हळूच म्हणाला, "फादर म्हणालेत, रविवारपर्यंत फळीवर नाही ठेवली तर सगळ्यांच्या हाडांत, सामायिक खड्ड्यात."

मी आईला मांडीवर घेतलं. किती हलकी झाली होती! तिला जागा द्यावी तर बाबा बेघर, न द्यावी तर ती खड्ड्यात. मला रडूच फुटलं. मेलं हे तळं!

डोळे पुसून तिच्या आवडीची निळी फुलं काढली, खाली 'क्रेसेंझ' लिहिलं. पण कुंचला खाली ठेववेना. शेजारी पुरुषांसाठी काढतात ती ओकची पानं काढली आणि त्यांच्याखाली लिहिलं, 'झेनो'.

किलियन बघतच राहिला. "असं चालतं का गं? एकाच कपाळावर दोघं?"

"मरेपर्यंत एकटीने संसार केला तिने, तो दोघांचाच केला."

त्याने टोपी काढली. दोन्ही हातांनी आजोबांना अलगद बाजूला सरकवलं.

"आण इकडे," तो म्हणाला, "दोघांना ऐसपैस बसू देत."