ऑन नाही, विथ

आमच्या घरात चूक करायची मुभा फक्त मराठीत होती. लाँड्रीच्या वरच्या खोलीत ह्यांचा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास होता. फळ्याशेजारी मोठा तक्ता टांगलेला, कुठल्या विशेषणामागून कुठला शब्द यायचा त्याचा. गुड ॲट, अफ्रेड ऑफ, मॅरीड टू, अँग्री विथ. विथ म्हणजे बरोबर, एवढं मलाही कळायचं. मी म्हणायचे, लग्नात बरोबर नाही आणि रागात मात्र बरोबर, कसली उफराटी माणसं ही. ह्यांना हसू यायचं नाही. पाठ करायचं असतं, वाद घालायचा नसतो, म्हणायचे.

लेकीपुढं मात्र ह्यांची मात्रा चालायची नाही. लहानपणी ती कधी ह्यांच्या चष्म्यावर बसायची, कधी तक्त्यावर मिशा काढून ठेवायची. मग दाराआड उभी राहून विचारायची, "अँग्री ऑन मी?" आपल्यात माणूस माणसावरच रागावतो, त्यात पोरीचं काय चुकलं? आतून आवाज यायचा, "विथ." मग ती म्हणायची, "अँग्री विथ मी?" त्यावर हे म्हणायचे, "नो." की संपला राग. नीट विचारल्याशिवाय 'नो' मिळायचं नाही.

मोठी झाल्यावर तिनं परस्पर लग्न केलं आणि मग फोन करून सांगितलं. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. त्यानंतर तिचा फोन आला की हे गॅलरीत जायचे. राग केव्हाच ओसरला होता, ते मला दिसत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि खाण तशी माती. आधी बोलायचं कुणी, यावर गाडी अडली होती.

एका सकाळी तिचा ह्यांच्या फोनवर मेसेज आला. बाबा, आर यू स्टिल अँग्री ऑन मी? ह्यांची कळी अशी खुलली की चहा तसाच निवला. लगेच एकच शब्द लिहून पाठवला, विथ. मला म्हणाले, "बघ, विसरली नाही. आता नीट विचारेल."

मी म्हटलं, अहो, 'नो' लिहून मोकळे व्हा. त्यांनी मान हलवली. आधी विचारू दे, म्हणाले. क्लासात कुणाचा फोन वाजला तर त्याला बाहेर काढणारा माणूस, पण त्या दिवशी स्वतःचाच फोन टेबलावर उताणा ठेवून शिकवत बसला. दुपार गेली, काही आलं नाही. संध्याकाळी क्लास सुटल्यावर जिन्यातच छातीत कळ आली. मुलांनी उचलून दवाखान्यात नेलं, पण पोचायच्या आतच सगळं संपलं होतं.

लेक आली. रडली नाही. येणारेजाणारे गेल्यावर ह्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली.

"मी एवढा जीव मुठीत धरून विचारलं, आई, आणि त्यांनी माझी चूक काढून पाठवली. शेवटपर्यंत मास्तरच राहिले."

"मग पुढचं का नाही विचारलंस?"

"पुढचं काय?"

तिला काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. तो 'ऑन' खेळातला नव्हता, नुसता चुकला होता. मी सगळं सांगितलं. मिशा, चष्मा, दार, आतला आवाज. दिवसभर फोनला लागलेले डोळेही सांगितले. वाटलं, तिचं ओझं उतरेल. कसलं उतरतंय. ती भिंतीला धरून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबावा तशी ओढणी कोंबून रडली. मला माझ्याच जिभेचा राग आला.

बऱ्याच वेळानं ती उठली, दाराआड गेली. मला तिची फक्त पावलं दिसत होती.

"अँग्री विथ मी?"

अगदी बरोबर विचारलं. तक्त्यात होतं तसं. खोलीत ह्यांची खुर्ची होती आणि खुर्चीशी मी. सगळा जीव एकवटून मी म्हटलं, "नो."

ती दाराआडून बाहेर आली नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.